सेइताचा गुन्हा कोणता?

अ‍ॅनिमेच्या चाहत्यांमध्ये एक मत आता इतकं रुळलं आहे की ते मांडणाऱ्याकडे कोणी पुरावाही मागत नाही. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मधली चार वर्षांची सेत्सुको युद्धामुळे मेली नाही, तिच्या चौदा वर्षांच्या भावाच्या गर्वाने मेली, असं ते मत. सेइता ऐदी होता, काकूचे दोन शब्द त्याला सोसले नाहीत, बहिणीला घेऊन तो तळ्याकाठच्या खंदकात राहायला गेला आणि तिथे ती उपासमारीने गेली. जपानी प्रेक्षक हे म्हणतात, इंग्रजीतून चित्रपट पाहणारे म्हणतात, आणि २०२४ च्या सप्टेंबरात हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आल्यापासून आपल्याकडच्या मुलांच्या बोलण्यातही ते ऐकू येतं. बहुतेकदा पुढे एक पुस्तीही जोडलेली असते: लहानपणी पाहिला तेव्हा काकूचा राग आला होता, मोठं झाल्यावर कळलं की तिचंच बरोबर होतं.

हे मत चुकीचं आहे. ज्या समंजसपणाच्या आविर्भावात ते मांडलं जातं, तो आविर्भाव तर मला अधिक घातक वाटतो. सेइता निर्दोष देवदूत आहे असं माझं म्हणणं नाही. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी त्याला तसं रंगवलेलंच नाही. पण चूक करणं वेगळं आणि मृत्यूला जबाबदार असणं वेगळं. या दोन्हींतलं अंतर पुसून टाकलं की जे उरतं, ते चित्रपटाचं आकलन म्हणून मला मान्य नाही.

आधी त्या घरात काय घडतं ते नीट पाहू. ५ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात कोबे शहर जळतं, भाजलेली आई दगावते, वडील नौदलात, त्यांचा पत्ता नाही. दोन्ही मुलं निशिनोमियात लांबच्या नात्यातल्या एका विधवेकडे येतात. येताना सेइता रिकाम्या हातांनी येत नाही. जळक्या घराच्या आवारात पुरून ठेवलेलं अन्न उकरून तो तिच्या स्वयंपाकघरात आणून देतो. मग आईचे किमोनो विकून तांदूळ आणायची कल्पना काकू काढते, आणि ते विकलेही जातात. त्या तांदळाचे घट्ट गोळे कामाला जाणाऱ्या मुलीला आणि भाडेकरूला मिळतात. सेइता-सेत्सुकोच्या वाटीत पातळ पेज. हा आमचा तांदूळ आहे असं सेत्सुको म्हणते, तर तिला कृतघ्न ठरवलं जातं. चुली वेगळ्या करायचा प्रस्ताव काकूचा. रात्री रडणाऱ्या मुलीमुळे झोप होत नाही ही तक्रारही तिचीच. आणि भोंगा झाला की बहिणीला घेऊन धावणाऱ्या सेइताला, जिवाची एवढी भीती वाटत असेल तर खंदकातच राहा ना, हे ऐकवणारी तीच. खंदकात राहण्याची कल्पना प्रथम कोणाच्या तोंडून आली, हे सेइतावर खटला भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात असतं.

मराठी वाचकाला हे घर समजायला जड जाऊ नये. पुण्यात वार लावून जेवलेल्या गरीब विद्यार्थ्यांच्या कितीतरी आठवणी आपल्याकडे लिहिल्या गेल्या आहेत. आश्रिताच्या पानात वाढताना हात कसा आखडतो, आणि तो आखडलेला हात पाहून घास कसा घशात अडकतो, हे त्या आठवणींतून आपल्याला ठाऊक आहे. त्या विद्यार्थ्यांना कोणी 'गर्विष्ठ' म्हटलेलं मी वाचलेलं नाही.

'पण तो काम का करत नव्हता?' हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर चित्रपटात आहे, सेइताच्या स्वतःच्या तोंडी आहे. ज्या पोलाद कारखान्यात शाळेतर्फे त्याला राबायला नेत होते, तो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आहे. शाळाही जळली आहे. काकू तोकियोतल्या नातेवाइकांना पत्र लिहायला सांगते, तर त्याच्याकडे पत्ता नाही. दिवसभर सेत्सुकोला पाहणारं दुसरं कोणी नाही. चटईवर पडून तो मासिक चाळतो, पेटी वाजवून बहिणीला गाणं म्हणायला लावतो, हे खरं. आई जळून गेल्यावर काही आठवड्यांत चौदा वर्षांचा मुलगा पेटी वाजवतो याला ज्यांना आळस म्हणायचं आहे त्यांनी म्हणावं. मला तिथे बहिणीला आईची आठवण येऊ नये म्हणून धडपडणारा मुलगा दिसतो.

खंदकात गेल्यावरचा एक प्रसंग मात्र सेइताच्या विरोधात जातो, आणि तो मी टाळणार नाही. धान्य विकत मागायला तो एका शेतकऱ्याकडे जातो. शेतकरी त्याला सांगतो की आता सगळं शिधावाटपावर आहे, शेजारसंघात नाव नसलं तर जगता येणार नाही; परत जा, माफी माग, त्या घरात राहा. सल्ला शहाणपणाचा आहे. सेइता तो मानत नाही. त्याने मानला असता तर सेत्सुको कदाचित जगली असती. त्याची खरी चूक इथे आहे आणि ताकाहाता ती झाकत नाहीत.

पण सल्ल्याचे शब्द पुन्हा ऐका. शेजारसंघात नाव नसलं तर जगता येणार नाही. हे निसर्गाचं वचन नव्हे, ती सरकारी व्यवस्था होती. १९४० मध्ये जपानच्या गृहखात्याने देशभर घराघरांचे असे संघ बांधले. शिधा, विमानहल्ल्यापासून बचावाच्या कवायती, सैन्यासाठी वर्गणी आणि एकमेकांवर पाळत, सगळं त्यांच्यामार्फत चाले. जो संघात नाही तो शिध्यात नाही. म्हणजे सेइताने अपमान नाकारला आणि त्याची शिक्षा म्हणून राज्याने त्याच्या चार वर्षांच्या बहिणीचं अन्न बंद केलं. आईच्या खात्यात सात हजार येन आहेत. त्या काळी ही मोठी रक्कम. तरीही पोरीला भात मिळत नाही. पैसा असून मूल उपाशी मरतं तेव्हा भावाच्या स्वभावाची चिकित्सा करत बसायचं, की असा बाजार आणि असं शिधावाटप कोणी उभारलं ते विचारायचं?

आणि परत गेल्यावर तरी काय वाढून ठेवलं होतं? प्रौढाचा दिवसाचा तांदूळ १९४१ पासून ३३० ग्रॅम ठरलेला होता. १९४५ च्या जुलैत त्यातही कपात होऊन तो २९७ ग्रॅमवर आला, आणि त्या तांदळाच्या जागी रताळी, सोयाबीनचा चोथा असलं काहीबाही हाती पडे. युद्ध संपल्यावरही हा शिधा माणसाला जगवायला पुरत नव्हता. तोकियोच्या जिल्हा न्यायालयात योशितादा यामागुची नावाचे एक न्यायाधीश होते. काळ्या बाजारात धान्य घेणाऱ्यांचे खटले त्यांच्यासमोर येत. ज्या गुन्ह्यासाठी आपण लोकांना शिक्षा देतो तोच आपण कसा करायचा, म्हणून त्यांनी कायदेशीर शिध्यावरच राहायचं ठरवलं, आणि १९४७ च्या ऑक्टोबरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते कुपोषणाने खंगून गेले. शिकलेला, पगारदार, घरदार असलेला, व्यवस्थेच्या अगदी मध्यभागी बसलेला माणूस. त्याला जे जमलं नाही ते चौदा वर्षांच्या पोराला जमायला हवं होतं, अशी ही अपेक्षा आहे.

सेइताखेरीज या गोष्टीत मोठी माणसं किती येऊन जातात, तेही पाहण्यासारखं आहे. डॉक्टर सेत्सुकोला तपासतो, हिला पोषण हवं म्हणतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. पोषण कुठून आणू, असं सेइता ओरडतो तेव्हा उत्तर येत नाही. शेतातून भाजी चोरली म्हणून शेतकरी त्याला रक्त येईपर्यंत मारतो आणि आजारी बहिणीसमोरून ओढत चौकीवर नेतो. तिथला पोलीस त्याला पाणी देतो, या सगळ्यांत थोडी माया दाखवणारा तोच. सान्नोमिया स्थानकात खांबाला टेकून मरायला टेकलेल्या सेइताजवळून लोक नाक मुरडत जातात. यातलं कोणीही खलनायक नाही. प्रत्येकाला आपापलं काम आहे, आपापली भूक आहे. पण मुलगा एकटा पडला तो त्याच्या गर्वाने, हे म्हणताना ही सगळी रांग डोळ्यांआड करावी लागते. फेब्रुवारी १९४८ मध्ये जपान सरकारने देशातल्या अनाथ मुलांची मोजदाद केली तेव्हा आकडा १ लाख २३ हजारांवर गेला. रेल्वे स्थानकांत राहणारी, भीक मागणारी, चोऱ्या करणारी अशी मुलं शहराशहरांत होती. इतकी सगळी पोरं एकाच वेळी काकूशी भांडून निघाली होती काय?

एक आक्षेप याहून वेगळा आणि वजनदार आहे. तो दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा. १६ एप्रिल १९८८ रोजी हा चित्रपट त्यांच्या 'माय नेबर टोटोरो'बरोबर एकाच तिकिटात दाखवला गेला. तरीही मियाझाकींनी त्यावर कडक टीका केली: नौदलातले अधिकारी एकमेकांच्या कुटुंबांना सांभाळतात, असा अधिकाऱ्याचा मुलगा उपाशी मरणार नाही, ही गोष्टच खरी वाटत नाही. मला हा आक्षेप पटत नाही, कारण १९४५ च्या उन्हाळ्यात सांभाळायला नौदलच फारसं उरलं नव्हतं. आणि पूर्ण आरमार बुडाल्याची बातमी सेइताला बँकेत, युद्ध संपल्यावर, अनोळखी माणसांच्या बोलण्यातून कळते. पण मियाझाकींचा रोख कुठे आहे ते पाहा. मुलाला कोणीतरी आधार द्यायला हवा होता, हे ते गृहीत धरतात. मुलानेच तोंड मिटून सोसायला हवं होतं, असं ते म्हणत नाहीत. चाहत्यांचं मत आणि मियाझाकींचं मत एका दावणीला बांधता येणार नाही.

आता चाहत्यांचं हुकमी पान. ताकाहातांनी स्वतःच सांगितलं आहे की हा युद्धविरोधी चित्रपट नाही. समाजापासून तुटून दोघांचंच जग उभारू पाहणाऱ्या मुलांचं ते जग कसं कोसळतं, हे त्यांना दाखवायचं होतं. कटकटीची नाती टाळणाऱ्या आजच्या मुलांशी सेइता जवळचा आहे. हे सगळं त्यांनी म्हटलं आहे, आणि ते उद्धृत करणारे अर्ध्यावर थांबतात. चित्रपट आला त्याच वर्षी 'अ‍ॅनिमेज' मासिकातल्या मुलाखतीत ताकाहाता याच्या पुढे गेले होते. काळ पुन्हा उलटला तर आज सेइताबद्दल वाटणारी कणव आपल्यात टिकेल का, सर्वांना एका रांगेत चालवणाऱ्या राजवटीच्या लाटेत आपणही वाहून जाणार नाही का, आणि त्या विधवेपेक्षाही कठोर होऊन आपणच सेइताकडे बोट दाखवणार नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. याची आपल्याला भीती वाटते, हेही त्यांनी सांगितलं. १९८८ मध्ये, जपानच्या भरभराटीच्या ऐन काळात, प्रेक्षक सेइतासाठी रडत असताना ते हे बोलले. आज त्यांचे शब्द सेइताविरुद्ध साक्ष म्हणून वापरणारी माणसं नेमकी तीच आहेत, ज्यांच्याविषयी ते शब्द उच्चारले गेले.

ही भीती त्यांनी कुठून आणली होती? २९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामा शहरावर हल्ला झाला तेव्हा ताकाहाता नऊ वर्षांचे होते. घरच्यांपासून ताटातूट होऊन ते मोठ्या बहिणीबरोबर रात्रीच्या कपड्यांत, अनवाणी, जळत्या गल्ल्यांतून धावले. पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले की असा चित्रपट युद्ध थांबवू शकत नाही, कारण पुन्हा असं दुःख वाट्याला येऊ नये म्हणूनच लढू या, असं सांगत युद्धं सुरू केली जातात. म्हणजे 'युद्धविरोधी नाही' हे त्यांचं वाक्य युद्धाला दोषमुक्त करण्यासाठी नव्हतं. रडून मोकळं होणाऱ्या प्रेक्षकावर त्यांचा विश्वास नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

मूळ कथेचे लेखक आकियुकी नोसाका यांचंही नाव असंच वापरलं जातं. १९६७ मध्ये त्यांनी ही कथा लिहिली आणि तिला नाओकी पारितोषिक मिळालं. कोबे जळालं तेव्हा नोसाका चौदा वर्षांचे होते. सांभाळायला हाती आलेली धाकटी बहीण त्या उन्हाळ्यात कुपोषणाने गेली. ती सेत्सुकोपेक्षा खूप लहान, जेमतेम चालणारी होती. तिच्या वाट्याचं आपण खाल्लं, ती रडली की तिला मारलं, सेइताइतके आपण कधीच मायाळू नव्हतो, असं नोसाका यांनी पुढे उघडपणे लिहिलं. त्यामुळे लेखकालाच भाऊ दोषी वाटतो, असा निष्कर्ष काढला जातो. मला हा निष्कर्ष निर्दय वाटतो. मागे उरलेल्या माणसाने स्वतःवर ठेवलेला आरोप म्हणजे दुसऱ्यांच्या हाती दिलेला निकाल नव्हे. नोसाका यांना कथेत भावालाही मारावं लागलं, यातून त्या अपराधभावाचं ओझं कळतं. कोबेवर आग कोणी ओतली आणि पोरांचा शिधा कोणी तोडला, याचं उत्तर त्या अपराधभावात सापडणार नाही.

चित्रपटाची घडणच पाहा. पहिल्याच दृश्यात सेइता मरतो आणि तांबड्या प्रकाशातला त्याचा आत्मा आपल्याशी बोलू लागतो. तिथून पुढे तो स्वतःचेच शेवटचे महिने पाहत राहतो. आगगाडीत बसलेला, दारात उभा राहिलेला, जिवंत सेइताच्या मागे थांबलेला हा दुसरा सेइता अधूनमधून दिसतो. आईचे किमोनो विकायला निघतात आणि सेत्सुको आकांत मांडते, तेव्हा तो कान झाकून घेतो. आपलं काय चुकलं हे त्याला ठाऊक आहे. ते पुन्हा पुन्हा पाहणं त्याला चुकत नाही. इतकी कठोर तपासणी ताकाहातांनी आधीच चित्रपटात ठेवली असताना, सेइताची चूक आपणच शोधून काढल्याच्या अभिमानाने सांगणारा प्रेक्षक त्या तांबड्या प्रकाशाकडे पाहायलाच विसरलेला असतो. योशिफुमी कोंदो यांनी रेखाटलेल्या या पात्रांच्या बाह्यरेषा नेहमीच्या काळ्या न ठेवता तपकिरी ठेवल्या आहेत. चेहरे त्यामुळे मऊ होतात, भोवतालच्या उजेडात मिसळतात. आरोपी म्हणून उभ्या करायच्या मुलाला कोणी अशा रेषेने काढत नाही.

दोन तारखा जवळ ठेवून पाहा. ५ जूनला कोबे जळालं. तीन दिवसांनी, ८ जूनला, तोकियोत सम्राटाच्या उपस्थितीत बैठक भरली. कांतारो सुझुकी पंतप्रधान होते. युद्ध शेवटपर्यंत लढायचं, असं त्या बैठकीत ठरलं. ५ जून ते १५ ऑगस्ट हे ७१ दिवस. पेजेची वाटी, वेगळी चूल, खंदक, चोऱ्या, मार, अंगावर उठलेले फोड, अतिसार, गोळ्या समजून तोंडात चघळलेल्या गोट्या, हे सेत्सुकोचं उरलेलं आयुष्य बहुतांशी त्या ७१ दिवसांत मावतं. शरण जायला उशीर होत होता आणि पोर वाळत होती. शरणागतीच्या दिवसांत, सेत्सुको गेल्यावर, तळ्यापलीकडच्या मोठ्या घरात सुरक्षित ठिकाणाहून मुली परततात, खिडक्या उघडतात, ग्रामोफोनवर तबकडी लावतात. त्यांचंही काही चुकलेलं नाही. पण युद्धाचा भार कोणी वाहिला आणि कोणाला तो चुकवता आला, हे ताकाहातांनी याच्याहून स्पष्ट सांगायचं कसं? चाहत्यांच्या वादांत त्या घराचा उल्लेख मला जवळजवळ कधीच आढळत नाही.

काकूबद्दल माझं मन कडवट नाही. तिलाही मुलगी आहे, तिचाही शिधा तुटपुंजा आहे, आणि देशासाठी राबेल त्याला भात, बाकीच्यांना पेज, हा हिशेब तिने शोधलेला नाही. तो तिला वर्षानुवर्षं शिकवला गेला आहे. तिची अडचण कळणं याला मी खरोखरच मोठं होणं म्हणेन. पण तिचा हिशेब बरोबर होता असं म्हणणं म्हणजे, जे मूल राबू शकत नाही त्याला कमी अन्न मिळावं, या तत्त्वावर सही करणं. जपानमध्ये ही सही करणारे वाढले, याचं मला नवल वाटत नाही. २००४ मध्ये इराकमध्ये ओलीस धरलेले तीन जपानी नागरिक सुटून आले, तेव्हा तुमच्या संकटाला तुम्हीच जबाबदार, असं त्यांना देशभरातून ऐकावं लागलं. जो अडचणीत सापडला त्याचा दोष आधी शोधायचा, ही सवय एकदा लागली की चौदा वर्षांचा मुलगा तिच्यातून सुटत नाही. आपल्याकडेही ही सवय अनोळखी नाही. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी पोचण्याआधीच, लग्नात खर्च केला असेल, दारू पीत असेल, अशी कुजबुज आपण ऐकलेली आहे.

सेइतावर खटला चालवायचाच असेल तर आरोपींची यादी क्रमाने करा. आधी ८ जूनच्या बैठकीत बसलेली माणसं घ्या. त्यांची नावं इतिहासात आहेत. मग शहरांवर रातोरात आग ओतण्याचे आदेश देणारे सेनापती, तेही अनामिक नाहीत. मग शेजारसंघ आणि शिधापत्रकाचे नियम लिहिणारे अधिकारी. मग डॉक्टर, मग शेतकरी, मग काकू. या सगळ्यांची सुनावणी पुरी झाल्यावर सेइताला बोलवा, आणि त्याचं वय विचारूनच पहिला प्रश्न विचारा.